सिद्ध उपचारांची अंमलबजावणी आणि भाषेचा प्रश्न

एखादा उपचार गुणकारी आहे असे सिद्ध होणे आणि तो उपचार ज्यांना हवा त्यांच्या हाती पडणे, या दोन निरनिराळ्या घटना होत. पहिलीचे शास्त्र पुष्कळ जुने आहे. दुसरीचे अगदी अलीकडचे. शरीराच्या रोगांपेक्षा मनाच्या रोगांच्या बाबतीत हे अंतर अधिक डोळ्यांत भरते. २०१५-१६ साली भारतातील १२ राज्यांत जी राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली तीत निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारावाचून राहतात असे आढळले. यांतील अनेक विकारांवर परिणामकारक उपाय ठाऊक नाहीत असे नव्हे. उपाय ठाऊक आहेत, त्यांच्या कसोट्या झालेल्या आहेत, त्यांवर ग्रंथ आहेत. परंतु तालुक्याच्या दवाखान्यात ते आढळत नाहीत. हे का घडते आणि ते पालटावयाचे कसे, याचा पद्धतशीर अभ्यास करण्यासाठी ‘अंमलबजावणीचे शास्त्र’ म्हणून एक शाखा उदयास आली आहे. तिला वाहिलेले नियतकालिक २००६ साली निघाले. या शाखेच्या संशोधनपद्धतींचे, विशेषतः मनाच्या व वर्तनाच्या विकारांवरील उपचारांच्या संदर्भात, परीक्षण करणे हा येथील हेतू आहे. या पद्धतींतील एक उणीव वैद्यकाच्या बाजूने पाहणाऱ्यास सहसा जाणवत नाही. भाषेच्या बाजूने पाहणाऱ्यास ती प्रथमच जाणवते.

या शाखेतील बहुतेक निबंधांचा आरंभ एका ठरीव वाक्याने होतो: संशोधनाचा १४ टक्के भाग व्यवहारात उतरावयास १७ वर्षे लागतात. हा आकडा बालास व बोरेन यांच्या २००० सालच्या लेखातून आलेला आहे. निबंध लिहून तो छापून येईपर्यंतचा काळ, छापून आल्यावर तो सूचीत चढेपर्यंतचा काळ, ग्रंथांत शिरेपर्यंतचा काळ असे वेगवेगळ्या अभ्यासांतून घेतलेले तुकडे जोडून ही बेरीज केलेली आहे. मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी २०११ साली या प्रकारच्या अंदाजांची छाननी केली, तेव्हा प्रत्येक अभ्यासकाने कालगणनेचा आरंभ व शेवट निराळाच धरला असल्याचे दिसून आले. आकडा अगदीच चुकीचा आहे असे यावरून ठरत नाही. पण ज्या शाखेचा सारा भर मोजमापावर आहे तिने आपले बोधवाक्य मात्र न तपासता पुन्हा पुन्हा म्हणत राहावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शास्त्रांनाही स्तोत्रे लागतात असे दिसते.

चौकटींची या शाखेत वाण नाही. १९९९ साली ग्लासगो प्रभृतींनी पोहोच, परिणाम, स्वीकार, अंमल व टिकाव अशा पाच अंगांची एक चौकट मांडली. २००९ साली डॅमश्रोडर व सहकारी यांनी पाच विभागांत ३९ संकल्पना बसवून दुसरी मांडली. २०२२ साली तिची सुधारलेली आवृत्ती आली. २०११ साली प्रॉक्टर प्रभृतींनी अंमलबजावणीची आठ फळे वेगळी काढून दाखविली, आणि २०१५ साली अंमलबजावणीच्या ७३ युक्त्यांची यादी प्रसिद्ध झाली. यांपैकी प्रॉक्टर यांची मांडणी खरोखर उपयुक्त आहे. कारण उपचार फसला की त्याची अंमलबजावणी फसली, हा भेद तिच्यामुळे करता येतो. रोगी बरा झाला नाही याचा अर्थ औषध वाईट होते असाच होत नाही. औषध त्याच्यापर्यंत गेलेच नसेल. बाकीच्या चौकटींविषयी एवढेच म्हणता येईल की, त्या शोधाची दिशा सांगतात, शोध लावीत नाहीत.

पद्धतीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची सुधारणा म्हणजे करन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली वर्णिलेल्या ‘संकर’ रचना. पूर्वी क्रम ठरलेला असे: आधी उपचाराचा गुण सिद्ध करावयाचा, मग सर्वसाधारण परिस्थितीतील परिणाम पाहावयाचा, आणि त्यानंतर अंमलबजावणीचा विचार. या तीन पायऱ्या चढेपर्यंत एक पिढी जाते. संकर रचनेत परिणाम व अंमलबजावणी यांची तपासणी एकाच अभ्यासात होते. कोठे पहिल्यावर भर असतो, कोठे दुसऱ्यावर, कोठे दोहोंवर सारखा. ही रचना काटकसरीची आहे यात शंका नाही. परंतु तीत एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, उपचार ही एक ठरलेली वस्तू असून तिच्याभोवतीची परिस्थिती तेवढी बदलते. गोळीच्या बाबतीत हे खरे आहे. बोलून करावयाच्या उपचाराच्या बाबतीत ते कितपत खरे आहे हे पाहावयास गोव्यासारखे दुसरे ठिकाण नाही.

गोव्यात विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दोन दशकांत केलेले काम जगभर नावाजले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. ‘मानस’ या नावाच्या त्यांच्या चाचणीत १२ सरकारी आरोग्यकेंद्रे व १२ खाजगी दवाखाने होते. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, थोडक्या मुदतीत तयार केलेल्या समुपदेशकांनी रुग्णांशी बोलावयाचे, गरजेप्रमाणे डॉक्टरांनी औषध द्यावयाचे व मानसोपचारतज्ज्ञाने अधूनमधून देखरेख ठेवावयाची, अशी योजना होती. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी या योजनेतील ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले, तर नेहमीच्या उपचारावरील ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र योजनेतील ६४.१ टक्के आणि नेहमीच्या उपचारावरील ६५.९ टक्के, म्हणजे फरक नाहीच.

या चार आकड्यांकडे नीट पाहिले असता असे दिसते की, योजनेतील रुग्णांच्या सुधारणेचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच आहे. तफावत पडली ती योजनेबाहेरच्या रुग्णांत. खाजगी दवाखान्यात येणारा रुग्ण काही नवीन न मिळताही तितकाच बरा होत होता. याची कारणे अनेक संभवतात. कुटुंबाच्या डॉक्टरची जुनी ओळख, रुग्णाची बरी सांपत्तिक स्थिती, तपासणीच्या वेळी मिळणारी चार मिनिटे अधिक. यांतील कोणते कारण खरे, हे चाचणीच्या रचनेवरून कळावयाचे नाही, कारण त्या खोलीत कोण काय बोलले याची नोंदच नेहमीच्या उपचारात होत नसते. ‘नेहमीचा उपचार’ हा शब्दप्रयोग असल्या सर्व अभ्यासांत आढळतो आणि सर्वत्र तो कोरा असतो. ज्याच्याशी तुलना करावयाची तेच अवर्णित ठेवावयाचे, ही या पद्धतीतील पहिली उणीव होय.

यानंतरच्या दोन चाचण्या २०१७ साली एकदमच प्रसिद्ध झाल्या. पहिलीत गोव्यातील १० प्राथमिक आरोग्यकेंद्रांतील तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण होते. त्यांच्यासाठी योजलेल्या उपचाराचे तत्त्व साधे आहे: मन ताळ्यावर आल्यावर माणूस उठून कामाला लागेल अशी वाट न पाहता, त्याला आधी लहान लहान कृती करावयास लावावे, कृतीमागोमाग मन येते. या तत्त्वाला आधार आहे तो जेकबसन व सहकाऱ्यांच्या १९९६ सालच्या प्रयोगाचा. विचार व वर्तन या दोहोंवर काम करणाऱ्या उपचाराचे भाग सुटे करून त्यांनी तपासले, तेव्हा केवळ कृतीचा भाग संपूर्ण उपचाराइतकाच गुणकारी ठरला. गोव्यातील चाचणीत या उपचाराने ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले. तुलनेच्या गटात ३९ टक्क्यांचे. वर्षभरानंतरच्या तपासणीतही लाभ टिकून होता. पदवीधर तज्ज्ञांवाचून हे घडू शकते हे दाखवून देणे ही लहान गोष्ट नव्हे.

प्रश्न उभा राहतो तो पुढच्या पायरीवर. हा उपचार गोव्याबाहेर न्यावयाचा, तर नेमके काय न्यावयाचे? शास्त्राचे उत्तर ठरलेले आहे: उपचाराचा गाभा न्यावा, परीघ स्थानिक गरजेप्रमाणे बदलावा, आणि गाभ्याशी इमान राखले जाते की नाही हे ‘फिडेलिटी’च्या मापाने तपासावे. गोव्यात हे तपासण्याची रीत अनुकरणीय होती. समुपदेशनाच्या बैठकी ध्वनिमुद्रित करावयाच्या, समुपदेशकांनी गटात बसून एकमेकांच्या बैठकी ऐकावयाच्या व ठरीव गुणपत्रिकेवर गुण द्यावयाचे. तज्ज्ञांचे गुण व सहकाऱ्यांचे गुण किती जुळतात याचीही तपासणी झाली. म्हणजे बोलणे हाच उपचार आहे, ही गोष्ट तेथे पुरती ओळखली गेली होती. तरीही उपचाराची पुस्तिका इंग्रजी. बैठक कोकणीत, मराठीत, क्वचित हिंदीत. आणि बैठकीचे मूल्यमापन पुन्हा इंग्रजी पुस्तिकेतील कलमांवरून. या तीन पातळ्यांमध्ये दोनदा भाषांतर होते. तथापि संशोधनाच्या अहवालात भाषांतर हा शब्द येतो तो फक्त प्रश्नावलीच्या संदर्भात.

आता ‘कृती’ हा शब्द घेऊ. उपचाराचा सारा डोलारा त्यावर उभा आहे. मराठीत त्याला जे शब्द सुचतात त्यांत ‘कृती’ पुस्तकी आहे आणि स्वयंपाकाच्या पुस्तकाबाहेर फारसा बोलला जात नाही. ‘हालचाल’ शरीराची असते. ‘उद्योग’ म्हटले की थट्टेचा किंवा कारखान्याचा वास येतो. राहिले ‘काम’. समुपदेशक बोलता बोलता सहज ‘काम’ म्हणणार. पहाटे उठून पाणी भरणाऱ्या, दिवसभर कापूस वेचणाऱ्या आणि रात्री चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीस ‘रोज थोडे काम ठरवून करा’ असे सांगितले, तर गुणपत्रिकेवर ‘कृतींची आखणी केली’ या कलमापुढे पूर्ण गुण पडतील. त्या बाईने काय ऐकले हे मात्र गुणपत्रिकेस कळणार नाही. उलट एखाद्या जाणत्या समुपदेशिकेने पुस्तिकेतील शब्द सोडून ‘शेवंताच्या घरी तुम्ही पूर्वी बसायला जात होता, ते का सोडले, ताई?’ असे विचारले, तर उपचाराचा गाभा पुरेपूर साधेल, आणि परीक्षक कोरडा असेल तर गुण मात्र कमी पडतील.

‘ताई’ हा शब्दही येथे सहज आलेला नाही. पंचविशीतील समुपदेशिका पन्नाशीच्या स्त्रीशी बोलताना तिला ताई म्हणते, मावशी म्हणते, की नुसतेच ‘तुम्ही’ म्हणते, यावर त्या संभाषणात सल्ला देण्याचा अधिकार कोणाकडे राहील हे ठरते. मावशीला सल्ला द्यावयाचा नसतो; तिला विचारावयाचे असते. इंग्रजीत हा प्रश्न या रूपात उद्भवत नसल्यामुळे इंग्रजी पुस्तिकेत त्याला जागा नाही, आणि जे पुस्तिकेत नाही ते मापात येत नाही. त्याचप्रमाणे मराठीत मनोवस्था सांगताना अनुभव घेणारा बहुधा चतुर्थीत असतो: ‘मला उदास वाटते’, ‘तिला करमत नाही’, ‘त्याला नैराश्य आले’. दुःख येते, लागते, वाटते; माणूस दुःख ‘असत’ नाही. या व्याकरणावरून मराठी माणसाच्या मनाविषयी मोठे सिद्धान्त काढण्याचा मोह आवरलेला बरा. असे सिद्धान्त पुष्कळदा काढले गेले आणि बहुतेक टिकले नाहीत. परंतु ‘तुम्ही निराश आहात काय?’ हा प्रश्न आणि ‘तुम्हाला निराश वाटते काय?’ हा प्रश्न एकच नव्हेत, हे मान्य करावयास सिद्धान्ताची गरज नाही.

प्रश्नावलीच्या भाषांतराबाबत या शाखेची भिस्त ‘उलट भाषांतरा’वर आहे. १९७० साली रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या लेखाने ही रीत रूढ केली. एकाने इंग्रजीतून मराठीत भाषांतर करावयाचे, दुसऱ्याने मूळ न पाहता ते पुन्हा इंग्रजीत आणावयाचे, आणि दोन्ही इंग्रजी पाठ जुळले की भाषांतर पक्के समजावयाचे. या रीतीचा दोष असा की, जे भाषांतर इंग्रजीपासून जितके कमी दूर गेलेले असते तितके ते सुखरूप परत येते. नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या सुप्रसिद्ध प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न गोष्टींतील रस व आनंद नाहीसा होण्याविषयी आहे. तेथे ‘स्वारस्य’ हा शब्द घातला, तर उलट भाषांतरात तो अचूक परतेल. कारण आजच्या लेखी मराठीत तो इंग्रजी कल्पनेचा प्रतिशब्द म्हणूनच मुख्यतः रुळलेला आहे. ‘कशातच मन लागत नाही’ किंवा ‘करमत नाही’ असे लिहिले, तर ते रूपांतर परत येताना भरकटेल आणि बाद होईल. पण खेड्यातील स्त्रीस कळेल ते हेच. अर्थात ‘करमत नाही’ हाही निर्दोष पर्याय नाही. नवी सासरी आलेली मुलगी तसे म्हणते, वसतिगृहात आलेला विद्यार्थी तसे म्हणतो, आणि दोघेही निरोगी असतात. कोणता शब्द योग्य, हे ऐकणाऱ्यांना विचारूनच ठरेल. प्रश्न ऐकून त्यांनी काय समजून घेतले हे त्यांच्याकडून वदवून घेण्याची रीत उपलब्ध आहे, पण अहवालांत तिला दोन ओळींपेक्षा अधिक जागा क्वचित मिळते.

याच प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास मुळीच नव्हता, काही दिवस होता, अर्ध्याहून अधिक दिवस होता की जवळजवळ रोज होता, असे चार पर्याय आहेत व त्यांना शून्य ते तीन गुण आहेत. ‘अर्ध्याहून अधिक दिवस’ हे मराठीत बरोबर आहे. पण तसे कोणी बोलत नाही. बोलणारा म्हणतो, ‘बरेच दिवस’, ‘अधूनमधून’, ‘गेल्या बाजारापासून’. या उत्तरांचे एक किंवा दोन गुण करणारा माणूस मुलाखतकार असतो. आता हे ध्यानात घ्यावे की, वर सांगितलेल्या गोव्यातील चाचणीत याच प्रश्नावलीवर १५ किंवा त्याहून अधिक गुण असणाऱ्यांना प्रवेश होता, आणि त्याच प्रश्नावलीवर गुण १० च्या खाली आले की नैराश्य ओसरले असे मानावयाचे होते. तीव्रतेसाठी दुसरेही माप तेथे वापरले होते, आणि रुग्णांची वाटणी यादृच्छिक असल्यामुळे अशी चूक दोन्ही गटांत सारखी पडते, म्हणून तुलना बिघडत नाही, हे खरे. परंतु अंमलबजावणीत तुलनेचा गट नसतो. तेथे केवळ उंबरठा असतो, आणि कोणास उपचार मिळावयाचा हे तो उंबरठा ठरवितो.

दुसरी चाचणी मद्यपानाविषयी होती, आणि तेथे हा मुद्दा जवळजवळ अंकगणिताचाच होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या प्रश्नावलीवर १२ ते १९ गुण मिळालेल्या ३७७ पुरुषांवर ती झाली. समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के व इतरांपैकी २६ टक्के पुरुषांचे गुण ८ च्या खाली आले. या प्रश्नावलीत नेहमीच्या दिवशी किती ‘ड्रिंक’ घेता असा प्रश्न आहे, आणि एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम मद्यार्क असे तीत धरलेले आहे. गोव्यातील किंवा कोकणातील मजूर ड्रिंक मोजीत नाही. तो ‘क्वार्टर’ म्हणतो, ‘पेग’ म्हणतो, किंवा नुसते ‘एक गिलास’ म्हणतो. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ७७ मिलिलिटर, म्हणजे ६१ ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे एक क्वार्टर ही सहा ड्रिंक झाली. ३० मिलिलिटरचा लहान पेग बरोबर एक ड्रिंक, ६० चा मोठा पेग दोन. आणि बोलणारा नुसते ‘पेग’ म्हणतो तेव्हा कोणता हे त्यालाच ठाऊक. उन्हाळ्यात त्याच गिलासात उर्राक असते, एरवी फेणी. पहिली एकदा गाळलेली आणि सौम्य, दुसरी पुन्हा गाळलेली आणि कडक. ‘एकच घेतो, साहेब’ हे उत्तर खरे असूनही त्याचे गुण एक नव्हेत. हे रूपांतर जो करतो तो मुलाखतकार भाषांतरकारच असतो. फक्त त्याला कोणी तसे म्हणत नाही.

भाषेला प्रथमच हात घातल्याने काय साधते याचे उदाहरण झिंबाब्वेत मिळते. तेथील शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ फार विचार करणे, विचारांनी पोखरले जाणे. डॉक्टरी परिभाषेतील नैराश्याचे भाषांतर करीत बसण्याऐवजी १९९० नंतरच्या दशकात लोकांच्या तोंडच्या अशा शब्दांवरून शोना लक्षणांची स्वतंत्र १४ प्रश्नांची प्रश्नावली तयार करण्यात आली. पुढे डिक्सन चिबांडा यांनी हरारेच्या दवाखान्यांबाहेर बाक मांडून, वयस्क स्त्रियांकडून समुपदेशन देण्याची योजना आखली. त्यांच्या समुपदेशनाच्या पायऱ्यांची नावेही शोनातच आहेत. पहिलीचे नाव ‘कुवुरा फुंग्वा’, म्हणजे मन उघडणे. २४ दवाखाने व ५७३ रुग्ण यांवर झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी समुपदेशन घेतलेल्यांचे सरासरी गुण ३.८१ आणि इतरांचे ८.९० निघाले, हा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. येथे एक विशेष असा की, बाकाला प्रथम ‘मानसिक आरोग्याचा बाक’ म्हणत असत आणि त्यावर बसावयास लोक कचरत. तो ‘मैत्रीचा बाक’ झाला तो त्या आज्यांच्या सूचनेवरून. ७३ युक्त्यांच्या यादीत नाव बदलणे या युक्तीस कोठे बसवावयाचे हे सांगणे अवघड आहे.

विदर्भातील काम मराठी वाचकाला अधिक जवळचे आणि पद्धतीच्या दृष्टीने अधिक अडचणीचे आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ ही योजना राबविण्यात आली. गावपातळीवरील कार्यकर्ते, समुपदेशक व तज्ज्ञ अशी तीची उतरंड होती. आरंभी एक पाहणी झाली व १८ महिन्यांनी दुसरी. नैराश्य असलेल्यांपैकी त्यासाठी कोणाचे तरी साहाय्य घेतलेल्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ साली जाहीर झाले. हा बदल मोठा आहे व तो मोलाचा आहे. तुलनेसाठी इतर गावे घेतलेली नव्हती, ही टीका कोणीही करील. ती योग्य असली तरी तिच्यात नवे काही नाही.

अधिक खोल अडचण निराळीच आहे. असली योजना गावात दीड वर्ष सभा घेते, घरोघर बोलते, लोकांना एका त्रासाचे नाव शिकविते. पूर्वी जो माणूस ‘डोक्याला ताप आहे’, ‘टेन्शन आहे’, ‘जीव घाबरा होतो’ म्हणत असे आणि डोकेदुखीची गोळी आणीत असे, तो आता त्याच त्रासाला मनाचा आजार म्हणू लागतो. दुसऱ्या पाहणीत ‘या त्रासासाठी कोणाकडे गेला होता काय?’ असे विचारले असता त्याला प्रश्न कळतो. पहिल्या वेळी तो कदाचित गेला असूनही ‘नाही’ म्हणाला असेल, कारण ‘हा त्रास’ कोणता हे त्याच्या भाषेत तेव्हा बांधलेले नव्हते. वाढीचा कितीसा भाग साहाय्य घेण्यातला आणि कितीसा शब्द शिकण्यातला, हे दोन पाहण्यांच्या आकड्यांवरून वेगळे करता येत नाही. शब्द शिकणे हाही लाभच, असे कोणी म्हणेल. तसे असेल तर तो लाभ वेगळा मोजावयास हवा. पहिल्या पाहणीच्या वेळी लोक आपला त्रास कोणत्या शब्दांत सांगत होते याचा संग्रह केला आणि दुसऱ्या वेळी तोच पुन्हा केला, तर हे होऊ शकते. बोलीच्या सर्वेक्षणाची साधने यासाठी पुरेशी आहेत, आणि ती या विद्यापीठांतून वर्षानुवर्षे वापरली गेली आहेत.

नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत आरंभ होऊन पुढे गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यात विस्तारलेल्या ‘आत्मीयता’ या योजनेने रचनेचा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. मेहसाण्यात योजना टप्प्याटप्प्याने गावांच्या गटांत न्यावयाची व कोणता गट केव्हा हे सोडतीने ठरवावयाचे, अशी पायऱ्यांची रचना तेथे होती. गांबियात काविळीच्या लशीच्या अभ्यासासाठी १९८७ साली ही रचना प्रथम नावारूपास आली. कोणत्याही गावास कायमचे वंचित ठेवावे लागत नाही, आणि तरीही तुलना मिळते; सरकारी योजनांना यासारखी सोयीची रचना दुसरी नाही. मात्र काळ पुढे जाईल तसा दुसऱ्या कारणांनी होणारा बदल हिशेबात घेणे भाग पडते. आणि गावाकडून गावाकडे बातमी जाते, तशीच नवी शब्दसंपत्तीही जाते. उशिरा पाळी येणारे गाव शब्दांच्या बाबतीत कोरे राहिलेले नसते. योजनेचे नाव सुदैवाने मराठी व गुजराती दोहोंत कळणारे आहे. तिच्या स्वयंसेवकांत ‘मित्र’ आणि ‘चॅम्पियन’ असे दोन प्रकार आहेत. पहिल्या शब्दाने गावकऱ्यास काय करावयाचे ते कळते. दुसऱ्याने बहुधा कुस्तीची गदा आठवते.

या साऱ्यावर एक आक्षेप संभवतो. प्रत्येक बोलीसाठी स्वतंत्र शब्द, स्वतंत्र प्रश्न, स्वतंत्र पुस्तिका करावयाची म्हटली, तर निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहता येणार नाहीत, खर्च वाढेल आणि ज्यासाठी खटाटोप चालला आहे तो उपचार आणखी वीस वर्षे लांबेल. आक्षेप वजनदार आहे. रोगी थांबलेला असताना भाषाशास्त्रज्ञाने शब्दांवर घोळ घालीत बसावे, हे कोणालाही रुचणार नाही. परंतु येथे मागणी आहे ती सर्व शब्द आधी निश्चित करण्याची नाही; जे शब्द वापरले गेले त्यांची नोंद ठेवण्याची आहे. उपचाराच्या वर्णनासाठी २०१४ साली जी १२ कलमांची यादी प्रसिद्ध झाली, तीत साहित्य कोणते, कोणी दिले, कोठे, किती वेळा, काय बदलले हे सर्व विचारलेले आहे. उपचार कोणत्या भाषेत झाला हे विचारणारे स्वतंत्र कलम नाही. बदलांची नोंद कशी करावी याविषयी २०१९ साली जी चौकट आली, तीत रुग्णाची भाषा हे बदलाचे एक कारण म्हणून येते, हे पुढचे पाऊल होय. तथापि बदल काय झाला, म्हणजे कोणत्या शब्दाच्या जागी कोणता शब्द आला, हे लिहावयाचा रकाना तेथेही नाही.

खर्चाची बाब पाहू जाता, सर्वांत खर्चाचा भाग म्हणजे बैठकी ध्वनिमुद्रित करणे, आणि निष्ठेचे माप घ्यावयाचे असेल तेथे तो आधीच होत असतो. त्यांतील थोडीशी मुद्रणे, रुग्णाच्या संमतीने व ओळख पुसून, मूळ भाषेत उतरवून घेतली, आणि ‘कृती’, ‘आजार’, ‘बरे वाटणे’ या दहा-वीस कळीच्या कल्पनांसाठी समुपदेशकांनी प्रत्यक्ष काय म्हटले व त्यावर समोरचा माणूस काय बोलला याची सूची केली, तर पुढच्या जिल्ह्यात योजना नेणाऱ्यास ती पुस्तिकेइतकीच उपयोगी पडेल. हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे. गोव्यातील गटांत समुपदेशक एकमेकांच्या बैठकी ऐकून गुण देत, तेव्हा एकाच बैठकीस दोघांनी निराळे गुण देणे घडणारच. प्रचलित पद्धतीत तो फरक परीक्षकांमधील तफावत म्हणून गणिला जातो, प्रशिक्षणाने तो कमी करावयाचा असतो, आणि उरेल तो सरासरीत विरून जातो. दोघांपैकी एकीला जे बोलणे पुस्तिकेबाहेरचे वाटले ते दुसरीला उपचार का वाटले, हे त्या दोघींना विचारून लिहून घ्यावयास गुणपत्रिकेवर जागा ठेवलेली नाही.